शमुवेल काकांचा ताजा रस

शमुवेल काकांच्या घरात शिरायचं असेल, तर उंबऱ्यावर उभं राहून आधी मोठ्यानं ‘हालेलूया’ म्हणावं लागतं. नव्या माणसाला वाटतं, काय भक्तिमान गृहस्थ आहे, दारातच देवाची स्तुती करून घेतो! खरी गोष्ट वेगळी आहे. ‘हालेलूया’ म्हणताना तोंडातून भरपूर हवा बाहेर पडते, आणि नेमक्या त्या वेळी काकांचं नाक तुमच्या तोंडापासून वीतभर अंतरावर आलेलं असतं.

“‘सलाम’ला हवा कमी पडते,” त्यांनी मला एकदा समजावून सांगितलं. “‘आमेन’ तर ओठ मिटून निघून जातं. हालेलूयात मात्र माणूस लपत नाही बघ.”

काका आमच्या मंडळीतले ‘वडील’, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्यांपैकी एक. दारूचा थेंबसुद्धा पाप, हा त्यांचा विश्वास, आणि नाक हे त्यांचं हत्यार. सगळी नोकरी सोलापूर स्टेशनच्या पार्सल ऑफिसात झाली. बंद पेटीला नाक लावून आत हापूस आहे की सुके बोंबील, हे ते न उघडता सांगायचे. निवृत्त झाल्यावर पेट्या संपल्या. माणसं उरली.

मी त्यांचा भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी. हे सगळं हसत सांगतोय खरा, पण माझं त्यात दुखणं आहे. मी सरकारी कचेरीत हेडक्लार्क आहे. महिन्यातून एकदा कामासाठी टेंभुर्णीकडे जावं लागतं, आणि तिथं हायवेवरच्या ढाब्यात साहेबांबरोबर मी एक बिअर घेतो. एकच. सोलापुरात घ्यायची हिंमत होत नाही, कारण इथं कुठल्याही हॉटेलात शेजारच्या टेबलावर मंडळीतलं कुणीतरी मटण खात बसलेलं असतं. ती बिअरही मला कधी सुखानं गेलेली नाही. पहिल्या घोटाला आई आठवते, दुसऱ्याला चर्चचे पाळकसाहेब, आणि ग्लास अर्धा होईपर्यंत शेवटचा न्याय डोळ्यांसमोर उभा राहतो. मग परतीच्या गाडीत लवंग, लवंगेवर कच्चा कांदा, कांद्यावर बडीशेप आणि बडीशेपेवर पश्चात्ताप. रविवारी चर्चमध्ये मी इतका मनापासून पश्चात्ताप करतो की बायको कोपरानं ढोसते, “अहो, जरा हळू. लोकांना वाटेल खून केलाय.”

एकदा असाच परतलो, तर काका फाटकातच उभे.

“ये प्रभाकर. म्हण.”

यावर मी उपाय शोधून ठेवला होता. श्वास आत ओढत ‘हालेलूया’ म्हणायचं. बाथरूममध्ये सरावही केला होता. म्हणालो. दारात शेपूट सापडलेल्या मांजरासारखा आवाज आला.

“आत का ओढतोस? स्तुती बाहेर यायला पाहिजे की!”

“दमा आहे काका.” म्हणजे एका पापावर दुसरं.

“हं. लई कांदेवाला दमा दिसतोय,” म्हणाले आणि आत निघून गेले. मला रात्रभर झोप नाही.

वादात काकांना हरवणं अशक्य. एकदा मी धीर करून काना गावच्या लग्नाचा विषय काढला. प्रभूनं स्वतः पाण्याचा द्राक्षारस, म्हणजे वाईनच, केला होता, तो पाहुण्यांनी प्यायला होता. मग पाप कसं?

“ताजा रस होता तो. ताजा! त्याच दिवशी पिळलेला.”

“पण काका, तो पाण्याचा झाला. पिळला कुठं?”

“मग तर आणखीनच ताजा की!”

बायबलात पौलानं शिष्य तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, त्याचं काय? “पोटावरून चोळायला असणार.” आणि नोहा? तो तर चांगला झिंगून तंबूत पडला होता. “अरे, इतके दिवस जनावरांबरोबर बंद जहाजात काढले त्या माणसानं. नाक मेलं होतं त्याचं. काय पितोय ते कळलंच नाही.”

आमचे पाळकसाहेब तरुण आहेत, शिकलेले आहेत. ते काकांना गोडीनं समजावतात, “काका, शास्त्र झिंगण्याला पाप म्हणतं, घोटाला नाही. काही मंडळ्या थोडी चालते म्हणतात, काही अजिबात नको म्हणतात. दोघंही देवाचेच लोक. आपल्यामुळे दुसरा अडखळत असेल तर आपण टाळावं, एवढं पुरे आहे.” काका मान हलवत सगळं ऐकून घेतात आणि शेवटी म्हणतात, “बरोबर आहे साहेब. आता हालेलूया म्हणा.”

करोनाच्या दिवसांत तर काकांची फार पंचाईत झाली. चर्चच्या दारात सॅनिटायझर ठेवलं, आणि त्यात अल्कोहोल असतं हे कुणीतरी त्यांना वाचून दाखवलं. काकांनी हात मागे घेतले. दुसऱ्या रविवारी ते घरून साबण आणि पाण्याची बादली घेऊन आले आणि पायरीवर बसून कोपरापर्यंत हात धुतले. त्याहून मोठं दुःख वेगळंच होतं. मास्कमुळे तोंडाचे वास बंद झाले आणि सगळ्यांच्या हातांना एकच वास येऊ लागला. “सगळी मंडळी एका वासाची झाली रे,” ते मला कळवळून म्हणाले. “आता ओळखायचं कसं?”

मी एकदा मुद्दाम इडलीचं पीठ आंबतं ते कसं, हे सांगितलं. दोन-तीन आठवडे त्यांनी इडली सोडली. मग एका सकाळी ते आमच्याकडे आले, तेव्हा बायको इडल्या काढत होती. बराच वेळ भांड्याकडे बघत उभे राहिले. “वाफवल्यावर पाप राहत नसावं,” म्हणाले आणि पाट ओढला.

हसू येतं, पण त्यांच्या या हट्टाला मुळं आहेत. त्यांचे वडील गिरणीत होते आणि दारूतच गेले. त्याबद्दल काका कधी बोलत नाहीत. फक्त एकदा म्हणाले होते, “आमच्या घरी संध्याकाळ झाली की आधी वास यायचा, मग वडील यायचे.” त्यानंतर मी इडलीचा विषय काढला नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजन असतं, येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण. भाकर आणि प्याला. त्या प्याल्यातला रस करण्याचा मान काकांचा. शनिवारी काळ्या मनुका धुऊन भिजत घालायच्या, पहाटे उठून उकळायच्या, मलमलच्या फडक्यातून गाळायच्या आणि रस गार झाला की थेट चर्चमध्ये न्यायचा. उरलेला रस दुपारीच झाडाला घालायचा. आजचा रस उद्या चालत नाही, हा नियम. सोलापूरच्या उन्हावर त्यांचा विश्वास नव्हता. “हे ऊन लई पापी आहे. संध्याकाळपर्यंत कशाचं काय करून ठेवेल!”

काकू गेल्या तेव्हा त्यांची मुलगी रूथ कॉलेजात होती. त्यानंतर त्या घरात बाप आणि लेक, दोघंच. रूथ नर्स होऊन मुंबईला गेली, तरी रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा आणि काका फोनवरही तिला “म्हण” म्हणायचे. फोनमधून वास कसा कळणार, हे मी विचारलं तर म्हणाले, “आवाजावरून जेवली का ते कळतं.”

मग रूथनं नेल्सन नावाचा मुलगा पसंत केला. तिच्याच हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन. मुलगा लाख मोलाचा, पण वसईचा आणि कॅथलिक. काकांनी बऱ्याच गोष्टी गिळल्या. लग्न त्यांच्या चर्चमध्ये, चालेल. मूर्ती, चालतील. मेणबत्त्या, चालतील. “पोपसुद्धा चालतील,” ते उदारपणे म्हणाले. मग मुलाकडची माणसं सोलापूरला आली आणि नेल्सनच्या आजीनं मोठ्या प्रेमानं एक बाटली काकांच्या हातात ठेवली. तिनं स्वतः घरी घातलेली द्राक्षांची वाईन. त्यांच्याकडे व्याह्याचा याहून मोठा मान नाही. काकांनी बुचाजवळ नाक नेलं आणि त्यांचा चेहरा असा झाला की जणू कुणी हातात नाग दिलाय. पाहुणे गेल्यावर ती बाटली मोरीत ओतायचं काम माझ्याकडे आलं. ते मी कसं पार पाडलं, हे देवाला ठाऊक आहे. तुम्ही विचारू नका.

खरा घोळ पुढं झाला. वसईला लग्नाच्या मंडपात टोस्ट असतो. वडीलधाऱ्या माणसानं नवरानवरीबद्दल चार शब्द बोलायचे आणि सगळ्यांनी वाईनचे ग्लास उंचावून प्यायचे. काकांना हे कळलं आणि त्यांनी सांगून टाकलं, “टोस्ट असेल तर मी लग्नालाच नाही.”

रूथ सुट्टी घेऊन आली. मी तिथंच होतो.

“पप्पा, मग मला हाताला धरून आत कोण नेणार?”

“प्रभाकर नेईल.”

“प्रभाकरकाका रडतील. त्यांना कोण धरणार?”

काका हसले नाहीत. रूथही मग हसली नाही. “तुम्ही नसाल तर मला हे लग्नच नको,” ती म्हणाली, आणि ती बापाचीच मुलगी असल्यानं ते खरं होणार हे आम्हा दोघांनाही कळलं. तिनं आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. काका बाहेर खुर्चीत बसले. मध्ये मी.

तोडगा नेल्सनच्या वडिलांनी काढला. त्यांनी फोन केला, “व्याही, टोस्ट तुम्हीच करा, आणि तुमच्याच रसाचा करा. आमची बाटली मुख्य टेबलावर येणार नाही. आम्ही सगळे घरचे तुमचाच रस घेऊ.” इतका मान दिल्यावर काका विरघळले. फक्त एक अडचण होती. वसईच्या स्वयंपाकघरातल्या भांड्यांवर त्यांचा भरवसा नव्हता. “त्या पातेल्यांत काय काय उतरलं असेल कुणाला ठाऊक!” म्हणून माणूस जन्मात पहिल्यांदा स्वतःचा नियम मोडायला निघाला. रस सोलापुरातच करायचा आणि बरोबर न्यायचा.

मे महिना. काकांनी नवा कोरा प्लास्टिकचा कॅन आणून राखेनं घासला, रस भरला, कॅनवर ओली सोलापुरी चादर गुंडाळली. शेंगाचटणीचे डबे माझ्याकडे, कॅन त्यांच्या मांडीवर. गाडी उन्हानं अशी तापली होती की खिडकीचा गज धरवत नव्हता. वसईत लग्नाचे विधी आधीपासून सुरू असतात, म्हणून आम्ही तीन दिवस आधीच पोचलो. नेल्सनच्या आईनं अगत्यानं फ्रिजमध्ये जागा करून दिली. काकांनी आत डोकावून पाहिलं. खालच्या कप्प्यात वाईनच्या बाटल्या ओळीनं आडव्या झोपल्या होत्या.

“नको,” काका म्हणाले. “संगत वाईट आहे.”

आणि कॅन पलंगाखाली गेला.

दुसऱ्या दिवशी तो थोडा फुगलेला दिसला. मी काकांना दाखवला. “उन्हानं फुगलाय,” म्हणाले आणि झाकण जरा सैल करून पुन्हा घट्ट लावलं. तेव्हा त्यांना सर्दी झाली होती. त्यात मंडपातल्या चुलींचा धूर आणि बांगड्याच्या कालवणाचा वास, त्यामुळे त्यांचं नाक बंद होतं. लग्नाच्या दिवशी सकाळी नाक उघडलं.

काकांनी रूथला हाताला धरून चर्चमध्ये नेलं. मी मागच्या बाकावर रडलो, ते ठरलेलंच होतं. संध्याकाळी मंडपात दिवे लागले, बँड थांबला आणि मुख्य टेबलावर कॅन आला. कबूल केल्याप्रमाणे एकही बाटली तिथं नव्हती. नेल्सनचे आईवडील, आजी, सगळे हातात रिकामे ग्लास घेऊन उभे होते. काकांनी झाकण फिरवलं. फस्स झालं. सवयीनं त्यांनी वाकून नाक लावलं.

आणि ते तसेच वाकलेले राहिले.

मला वाटलं, कंबर धरली. मग ते सरळ झाले. त्यांनी कॅनकडे पाहिलं, मग समोर रूथकडे. ती पांढऱ्या झग्यात ग्लास पुढं करून उभी होती आणि हसत होती. काकांनी तिचा ग्लास भरला, मग सगळ्यांचे, मग स्वतःचा.

“रूथबद्दल सांगायचं म्हणजे,” ते नेल्सनला म्हणाले, “ती रागावली की बोलत नाही. आपणही बोलायचं नाही. मग ती आपणहून चहा करून आणते. साखर जास्त झालेली असते. ते सांगायचं नाही. प्यायचा. बाकी मुलगी चांगली आहे.”

लोक हसले. ग्लास वर गेले. मी घोट घेतला आणि जिभेला बारीक चिमटा बसला. हा चिमटा माझ्या चांगल्या ओळखीचा. थेट टेंभुर्णीचा. मी घाबरून काकांकडे पाहिलं, तर त्यांनी पूर्ण ग्लास रिकामा केला होता.

नेल्सनची आजी जवळ आली. “व्याही, माझ्या हातून अशी कधी उतरली नाही. काय घालता हो हिच्यात?”

“मनुका,” काका म्हणाले. जरा थांबले. “आणि सोलापूरचं ऊन.”

आजीनं त्यांचा ग्लास पुन्हा भरला. तोही त्यांनी परत केला नाही.

परतीच्या प्रवासात काका खिडकीशी बसून भजन गुणगुणत होते आणि मी समोर बसून त्यांच्याकडे चोरून बघत होतो. ज्या माणसानं जन्मात थेंब घेतला नाही त्यानं नकळत दोन ग्लास घेतले आणि मला ते माहीत आहे! सांगावं तर त्यांचं मन मोडेल. न सांगावं तर मी त्यांना फसवतोय. कुर्डुवाडीपर्यंत मी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा चहा मागवला.

पुढच्या महिन्याचा पहिला रविवार आला. आदल्या दिवशी काकांनी मलमलचं फडकं आणि मनुका माझ्या बायकोकडे दिल्या. “या खेपेला तू कर.” प्रभुभोजनाच्या वेळी ते नेहमीच्या पहिल्या बाकावर नव्हते, मागं बसले होते. प्याल्यांचा ट्रे त्यांच्यापुढं आला, तो त्यांनी न घेता पुढं सरकवला. सगळ्या चर्चमध्ये कुजबूज झाली. त्यांना कुणीतरी सांगितलं असणार, आणि ते मी सांगायला हवं होतं.

दुपारी मी त्यांच्या दारात गेलो. त्यांनी “म्हण” म्हटलं नाही. नुसतं “ये, बस” म्हणाले. घरात कुठलाच आवाज नव्हता. रूथची खुर्ची भिंतीला लावून ठेवली होती.

मी एका दमात सगळं ओकून टाकलं. रस आंबला होता, मला पहिल्या घोटाला कळलं होतं, मी गप्प बसलो, मला माफ करा.

काकांनी आपली खुर्ची जवळ ओढली. “तुला पहिल्या घोटाला कळलं,” ते म्हणाले. “मला झाकण उघडतानाच कळलं होतं की.”

“मग का प्यायलात?”

“त्या लोकांनी त्यांच्या बाटल्या आत ठेवल्या होत्या. माझ्यासाठी. मी नासला म्हणालो असतो, तर पोरीच्या हातात रिकामा ग्लास राहिला असता.” त्यांनी धोतराचा सोगा नीट केला. “पाळकसाहेबांकडे गेलो होतो. म्हणालो, मला प्रभुभोजनाच्या प्याल्यापासून दूर ठेवा. ते म्हणतात, काका, हे पाप नाहीच. अजून लहान आहेत ते. मला माहितीय, पाप आहे. थेंब म्हणजे थेंब.”

“मग पश्चात्ताप करा आणि सोडून द्या काका.”

“तेच तर होत नाही रे!” ते एकदम पुढं झुकले. आवाज खाली आला. “रोज बसतो. डोळे मिटतो. म्हणतो, प्रभू, चुकलो. तेवढ्यात रूथ समोर येते. ग्लास धरून हसतेय. तिची आई गेल्यापासून ती अशी हसली नव्हती बघ. मग मलाच हसू येतं. सगळा पश्चात्ताप जातो. पुन्हा तोच कॅन पुढं आला तर पुन्हा ओतीन, असं वाटतं. असा पश्चात्ताप देव घेतो का?”

मी रूथच्या खुर्चीकडे पाहिलं.

“तू सांग,” काका म्हणाले. “तुला सवय आहे. टेंभुर्णीहून आलास की दर महिन्याला करतोस. कसा करतोस?”

मी मान खाली घातली. आयुष्यभर पश्चात्ताप करत आलो, पण तो कुणाला शिकवायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. “काका,” मी म्हणालो, “मलाही नीट जमत नाही. म्हणून तर पुन्हा पुन्हा करावा लागतो.”

त्यांनी थोडा विचार केला. “मग बस,” म्हणाले. “दोघं मिळून बघू. एकट्यानं या घरात लक्ष लागत नाही.”

त्यांनी हात जोडले, डोळे मिटले. मीही मिटले. बाहेर ऊन रणरणत होतं आणि पंखा करकरत होता. मी माझ्या पापांची उजळणी सुरू केली. सोयीसाठी टेंभुर्णीपासून. बऱ्याच वेळानं मी एक डोळा हळूच उघडून पाहिलं.

काकांचे हात जोडलेले होते, डोळे घट्ट मिटलेले होते, आणि ते हसत होते.